जुनी अमेरिकन सेडान रोजच्या वापराला घेताय? टेस्ट ड्राइव्ह अशी घ्या

ह्या गाड्यांची एक गंमत आहे, आत बसलात की पहिल्या दोन मिनिटांतच तुम्ही पाघळता. सोफ्यासारखी सीट, स्टेअरिंगच्या दांड्यालाच गिअर, समोर मैदानाएवढं बॉनेट, आणि चालू केली की आवाजच नाही. मग मालक काय सांगतोय ते कानात शिरत नाही आणि आपण घरी येऊन बायकोला सांगतो की अगं काय गाडी आहे, फक्त ३५०० डॉलर! मी हे केलंय म्हणून लिहितोय. डेट्रॉईटच्या आसपास माझी नऊ वर्षं झाली, जुन्या गाड्या तीन घेतल्या, त्यातल्या पहिलीने चांगला दणका दिला, आणि आता दरवर्षी कोणीतरी नवीन आलेला पोरगा फोन करतो की दादा एक गाडी बघायला येता का. दरवेळी तेच बोलतो, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

कुठल्या गाड्यांबद्दल बोलतोय ते आधी सांगतो. फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया, मर्क्युरी ग्रँड मार्की आणि लिंकन टाउन कार, या तिघी सख्ख्या बहिणी. फोर्डचा पँथर नावाचा प्लॅटफॉर्म, १९७९ ला सुरू झाला आणि २०११ पर्यंत चालला. पुढे ४.६ लिटरचं व्ही-८ इंजिन, मागच्या चाकांना पॉवर, आणि खाली आपल्या सुमोसारखी वेगळी चॅसी, तिच्यावर बॉडी बसवलेली. इथले पोलीस आणि टॅक्सीवाले वर्षानुवर्षं क्राउन व्हिक्टोरियाच चालवायचे त्यामुळे पार्ट स्वस्त आणि कुठल्याही मेकॅनिकला गाडी पाठ. माझ्याकडे सध्या २००४ ची ग्रँड मार्की आहे म्हणून उदाहरणं तिचीच येतील. मर्क्युरी हा ब्रँडच फोर्डने बंद केला, शेवटची ग्रँड मार्की जानेवारी २०११ मध्ये बनली, पण आतलं सामान फोर्डचंच असल्यामुळे काही अडत नाही.

(आपल्याकडे कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात एकेकाळी क्रायसलरच्या मदतीने डॉज आणि प्लिमथ बनायच्या. आमचे आजोबा डॉज म्हणताना आवाज खाली आणायचे, देवाचं नाव घेतल्यासारखा. तेव्हा हे वेड घरातलंच आहे, मला दोष देऊ नका.)

१. आधी हिशोब, मग गाडी

रोजच्या वापराला म्हणजे नक्की किती ते कागदावर मांडा. माझं ऑफिस एका बाजूने २२ मैल, म्हणजे आठवड्याला २२० मैल. ही गाडी शहरात गॅलनला १६-१७ मैल देते, हायवेला २४ च्या आसपास, मिळून मी २० धरतो, म्हणजे आठवड्याला ११ गॅलन पेट्रोल. आपल्या भाषेत लिटरला साडेआठ किलोमीटर. छोटी जपानी गाडी ३० देत असेल तर तिला साधारण सव्वासात गॅलन लागेल. फरक आठवड्याला जवळपास पावणेचार गॅलनचा. हा फरक तुम्हाला झेपतो का ते तुम्ही ठरवा, मला झेपतो कारण गाडीचा हप्ता नाही. साधं ८७ ऑक्टेन चालतं, महागाचं पेट्रोल टाकायची गरज नाही.

दुसरं म्हणजे लांबी. २१२ इंच! साडेसतरा फुटांच्या वर. आमच्या पहिल्या अपार्टमेंटच्या गॅरेजमध्ये ती गेली असती पण शटर लागलं नसतं. टेप घेऊन मोजा, अंदाजाने नको.

तिसरं इन्शुरन्स. मिशिगनमध्ये (डेट्रॉईट याच राज्यात येतं) नो-फॉल्ट इन्शुरन्स, म्हणजे चूक कोणाचीही असो, उपचाराचा खर्च आपापल्या कंपनीने द्यायचा, तो सक्तीचा आहे आणि नवीन आलेल्या माणसाचा इथला ड्रायव्हिंगचा इतिहास नसतो, त्यामुळे कोट, म्हणजे कंपनी सांगते तो इन्शुरन्सचा आकडा, बघून डोळे पांढरे होतात. गाडी ३५०० ची आणि वर्षाचा इन्शुरन्स जवळपास तेवढाच, असं होऊ शकतं. म्हणून आधी कोट घ्या मग बघायला जा. इतक्या जुन्या गाडीला स्वतःच्या नुकसानीचं कव्हर घ्यावं का यावर लोक भांडतात, मी घेत नाही.

२. फोनवर काय विचारायचं

मालकाला चार गोष्टी विचारा. टायटल, म्हणजे मालकीचा कागद, तुमच्याच नावावर आहे का? त्यावर कर्जाचा बोजा आहे का? गाडी हिवाळ्यात रस्त्यावर असायची की गॅरेजात? आणि व्हीआयएन नंबर, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, पाठवता का? शेवटच्या प्रश्नाला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे जाऊच नका, पेट्रोल वाचेल.

हा १७ अक्षरी नंबर एनएचटीएसए या सरकारच्या रस्ता सुरक्षा खात्याच्या साइटवर टाकला की कुठला रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाडी परत बोलावणं) राहिलाय ते फुकट दिसतं. हे कराच. २००५ ते २०११ च्या या तिन्ही गाड्यांना हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यांत स्टेअरिंगच्या खालच्या शाफ्टला गंज धरतो म्हणून २०१३ मध्ये रिकॉल निघाला होता. रिकॉलचं काम डीलर फुकट करून देतो, मालक कितवाही असो. स्टेअरिंगचा शाफ्ट ही काय 'नंतर बघू' म्हणायची गोष्ट नाही.

क्राउन व्हिक्टोरिया असेल तर व्हीआयएनमध्ये पाचव्या जागेपासून पी७१ आलंय का बघा. आलं तर ती पोलिसांची गाडी. वाईटच असेल असं नाही, पण पोलीस गाडी चालू ठेवून तासन्तास उभे असतात, मीटरवर मैल कमी दिसले तरी इंजिन भरपूर झिजलेलं असू शकतं. डॅशबोर्डला बुजवलेली भोकं दिसली की समजून जा.

आणि फोन ठेवताना एक वाक्य नक्की बोला: मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.

सोबत काय न्यायचं

- लायसन्स, आणि इन्शुरन्स असेल तर त्याचा कागद. मालक लायसन्सचा फोटो काढू दे म्हणाला तर काढू द्या, चावी देतोय तो अनोळखी माणसाला. त्याच्या इन्शुरन्सवर तुम्ही चालवलेलं चालतं का हेही विचारून घ्या
- चांगला टॉर्च, मोबाइलचा नव्हे
- फ्रिजवरचं लोहचुंबक आणि एक सुती फडकं
- ओबीडी-टू स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र), साधा २०-२५ डॉलरचा पुरतो, १९९६ नंतरच्या सगळ्या गाड्यांना लागतो
- एक सेंटचं नाणं
- मोठा पुठ्ठा, टीव्हीच्या खोक्याचा वगैरे
- एक मित्र, शक्यतो ज्याला गाडी आवडत नाहीये असा

पावसात, बर्फात किंवा अंधारात जाऊ नका. ओल्या पत्र्यावर सगळे रंग सारखेच दिसतात.

३. थंड गाडी

पोचल्यावर पहिलं बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर मालकाने आधी चालू करून ठेवलीय, विचारा का. थंडीत स्टार्ट व्हायला त्रास, पहिल्या मिनिटातली खडखड, सायलेन्सरचा निळा धूर, हे सगळं गरम इंजिन लपवतं.

मग दहा पावलं मागे जाऊन बाजूने बघा. मागचा भाग खाली बसलाय का, कुत्रं बसतं तसा? या गाड्यांपैकी काहींना मागे एअर सस्पेन्शन असतं, त्यातून हवा गळत असेल तर रात्रभरात गाडी बसते आणि चालू केली की पंप सुरू होऊन हळूच उठते. आधीच चालू केलेली गाडी तुम्हाला हे कळूच देणार नाही.

ऑइलची काडी काढा, पुसा, परत घाला, परत काढा. काळं चालेल, कमी असलं तर प्रश्न विचारा, चहाच्या सायीसारखं पांढरट असलं तर घरी जा. १९९६ ते २००१ च्या गाड्यांना इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणारा भाग, अख्खा प्लास्टिकचा होता, पुढच्या बाजूला जिथून कूलंट जातं तिथे तो तडकायचा. नंतरच्या सुधारित मॅनिफोल्डला तो पुढचा आडवा भाग ॲल्युमिनियमचा आहे. टॉर्च मारून अल्टरनेटरच्या मागे बघा, चंदेरी धातू दिसला तर ते काम झालेलं आहे.

टायरवर डीओटी लिहिलेल्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१६ म्हणजे २०१६ चा २३ वा आठवडा. म्हाताऱ्या माणसांच्या कमी चाललेल्या गाड्यांमध्ये ही हमखास फसगत असते, खाचा अगदी नव्यासारख्या पण रबर वाळून चिरलेलं. खाचेत ते नाणं लिंकनचं डोकं खाली करून घाला, अख्खं डोकं दिसलं तर टायर गोटा झालाय. चार टायरचे पैसे किमतीतून वजा करायची तयारी ठेवा.

४. आता गुडघ्यावर बसा

इथे घाई करू नका, इंजिनपेक्षा जास्त वेळ इथेच द्या. ही इंजिनं टिकतात हो, दोन-दोन लाख मैल गेलेली रोज दिसतात. गाडी मरते ती खालून. मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात आणि इथे दरवर्षीची सक्तीची तपासणी नाही, त्यामुळे खालून पार सडलेली गाडीसुद्धा कायदेशीर रस्त्यावर फिरते.

माझी पहिली गाडी (कंपनीचं नाव लिहित नाही, दोष माझा होता) वरून आरशासारखी होती. मी खाली वाकलोच नाही, कारण नवीन जीन्स घातली होती, हसू नका. पाच महिन्यांनी फेब्रुवारीत एका सिग्नलला ब्रेक दाबला तर पेडल आधी लोण्यासारखं मऊ लागलं आणि मग सरळ तळाला टेकलं. ब्रेकची नळी गंजून फुटली होती. वेग पंधराचा होता आणि पुढे बर्फाचा ढीग होता म्हणून वाचलो. मेकॅनिकने गाडी वर उचलून दाखवली तेव्हा त्याने बोटाने चॅसीचा पापुद्रा काढला, जुन्या पत्र्याच्या डब्यासारखा, आणि काही न बोलता माझ्या हातात ठेवला. ती गाडी भंगारात गेली.

तर पुठ्ठा टाका, आडवे व्हा, टॉर्च मारा. काय बघायचं: पुढच्या चाकांच्या मागे चॅसीचे दोन जाड दांडे, मागच्या ॲक्सलचे दांडे जिथे चॅसीला जोडलेत त्या जागा, आणि चॅसीच्या कडेने जाणाऱ्या बारीक नळ्या, ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या. वरवरचा तांबूस गंज सगळ्यांनाच असतो, त्याला घाबरू नका. पापुद्रे सुटलेले, फुगलेले, भोक पडलेले असले तर नाही म्हणायचं. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा, टणटण आवाज चांगला, भदभद आवाज वाईट. नुकताच काळा रंग किंवा डांबरासारखं काहीतरी फासलेलं दिसलं तर दहापट संशय घ्या.

मग फडक्यात चुंबक गुंडाळून दाराच्या खालच्या कडेला आणि चाकावरच्या कमानीला लावा. चिकटलं नाही तर तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारलाय.

५. चावी फिरवा, पण गिअर टाकू नका

चावी फक्त ऑनला न्या. सगळे दिवे लागले पाहिजेत, चेक इंजिनचा आणि एअरबॅगचा पण. एखादा लागलाच नाही तर कोणीतरी बल्ब काढलाय असं समजा. चालू झाल्यावर ते विझले पाहिजेत.

आता स्कॅनर लावा. कोड नाहीत म्हणून खूश होऊ नका, रेडीनेस मॉनिटर बघा, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते. त्यातले बरेचसे 'तयार नाही' दाखवत असतील तर कोणीतरी नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढून लावलीय. मालक म्हणेल बॅटरी नवीन टाकली. खरंही असेल. मग पावती दाखव म्हणा.

हीटर फुल करा, वारा तोंडावर, पायावर, काचेवर असा बदलत न्या. काहीही दाबलं तरी वारा काचेवरच येत असेल तर व्हॅक्यूम कुठेतरी गळतोय. उन्हाळ्यात हे क्षुल्लक वाटतं, जानेवारीत पाय गोठले की आठवेल. चारही काचा वर-खाली करा, ड्रायव्हरच्या बटणावरून आणि त्या त्या दारावरून वेगळ्या. सगळी दारं लावूनही 'दार उघडं' असा दिवा लागलेला असेल तर घाबरू नका, या गाड्यांचं ते नेहमीचं दुखणं आहे, दाराच्या लॅचमधला स्विच चिकटतो. पण त्याने आतला दिवा रात्रभर जळून बॅटरी उतरते म्हणून दुर्लक्षही नको. हेडलाइट दहा-पंधरा मिनिटं लावून ठेवा. २००३-०५ च्या गाड्यांमध्ये दिव्यांचं कंट्रोल मॉड्यूल गरम होऊन हेडलाइट अचानक बंद पडण्याच्या तक्रारी भरपूर आहेत.

६. चालवा, आणि रेडिओ बंद ठेवा

मालक म्हणेल एक राउंड मारून ये. एका राउंडमध्ये काही कळत नाही. निदान ४० मिनिटं मागा, आणि जमलं तर तुमच्या ऑफिसच्या रस्त्यासारखा रस्ता निवडा. रोज जिथून जाणार तिथलेच खड्डे, तसलाच ट्रॅफिक.

पहिले पाच मिनिटं गल्लीतून, काचा खाली. ब्रेकवर पाय ठेवून पार्कमधून रिव्हर्स, रिव्हर्समधून ड्राइव्ह. छोटा धक्का ठीक, मोठा गचका किंवा दोन सेकंद काहीच न होणं ठीक नाही. मग रिकाम्या पार्किंगमध्ये स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून गोल फिरवा, मग दुसऱ्या बाजूला.

त्यानंतर खराब रस्ता, मिशिगनमध्ये शोधावा लागत नाही. ही गाडी खड्ड्यातून होडीसारखी जाते. एकदा खाली-वर झाली आणि थांबली तर छान, दोन-तीन वेळा डोलत राहिली तर शॉक गेले. पुढून टकटक येत असेल तर बॉल जॉइंट, स्वे बारच्या लिंक वगैरे सस्पेन्शनचे सांधे, करून मिळतात पण भाव पाडायला उपयोगी. नवख्यांची इथे गफलत होते, डोलणं म्हणजे आरामदायी असं वाटतं. आरामदायी वेगळं आणि सैल वेगळं. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग सारखं इकडे-तिकडे करून गाडी सरळ ठेवावी लागत असेल तर ती सैल. २००३ पासून नवीन चॅसी आणि रॅक अँड पिनियन स्टेअरिंग आलं, त्याच्या आधीच्या मुळातच जरा ढिल्या वाटतात, म्हणून जमलं तर दोन्ही एकदा चालवून बघा.

डेट्रॉईटच्या वुडवर्डसारखा दुभाजकवाला मोठा रस्ता जवळ असेल तर मिशिगन लेफ्ट घ्या, म्हणजे चौक ओलांडून पुढे दुभाजकातून यू-टर्न मारायचा तो. साडेसतरा फुटांची गाडी त्या खाचेत वळवून समोरच्या गर्दीत घुसवणं ही खरी परीक्षा, गाडीची कमी आणि तुमची जास्त. ऑगस्टमध्ये याच रस्त्यावर ड्रीम क्रूझला जुन्या गाड्यांची जत्रा भरते, तेव्हा नका जाऊ, अर्धा मैल जायला तास लागेल, बघायला मात्र जा.

मग चाळीस मैलांचा वेग धरा. हे महत्त्वाचं. ४० ते ५० च्या मध्ये ॲक्सिलेटरवर अगदी हलका पाय ठेवून चालवत राहा. गाडी कडेच्या खरबरीत पट्ट्यावरून जातेय अशी थरथर जाणवली तर गिअरच्या दांड्याच्या टोकाला ओव्हरड्राइव्हचं बटण असतं ते बंद करा. थरथर गेली तर टॉर्क कन्व्हर्टरकडे, म्हणजे इंजिनची ताकद ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाकडे, बोट जातं. बरेचदा नुसतं योग्य ऑइल बदलून सुटतं, पण दरवेळी नाही, म्हणून किंमत ठरवताना वाईट तेच धरा. गाडी गरम झाल्यावर, इंजिन चालू ठेवून, ट्रान्समिशनची पण काडी बघा: लाल हवं, तपकिरी आणि जळका वास नको.

शेवटी हायवे. चढणीच्या रॅम्पवर दाबा, व्ही-८ ने न कुरकुरता सत्तरला न्यायला हवं. मग मागे कोणी नाही बघून एकदा जोरात ब्रेक. स्टेअरिंग थरथरलं तर पुढच्या डिस्क, गाडी एका बाजूला ओढली गेली तर कॅलिपर किंवा नळी. तापमानाचा काटा मधोमध स्थिर हवा. परत येऊन गाडी बंद करा, दहा मिनिटं मालकाशी गप्पा मारा, परत चालू करा. गरम असताना नखरे करणाऱ्या गाड्या असतात.

मागची चाकं ढकलतात त्यामुळे बर्फात ही गाडी ढुंगण फिरवते. विंटर टायर घ्यावेच लागतील, आणि डिकीत वाळूची दोन पोती. हा खर्च आजच धरा.

७. स्वतःला शहाणं समजू नका

आवडली तरी त्याच दिवशी पैसे देऊ नका. जवळच्या स्वतंत्र मेकॅनिककडे लिफ्टवर चढवा, साधारण १००-१५० डॉलर घेतात. मालक नाही म्हणाला तर तुमचं काम झालं, घरी या. मी दुसऱ्या गाडीच्या वेळी हे १२० डॉलर दिले आणि गाडी घेतली नाही. वाया गेले असं बायको अजून म्हणते.

८. कागद

टायटलवरचं नाव आणि मालकाचं लायसन्स जुळलं पाहिजे. 'माझ्या मित्राची गाडी आहे, टायटल त्याच्या नावावर आहे, त्याने सही करून ठेवलीय' असं ऐकलं की उठा. टायटलवर सॅल्व्हेज (मोठ्या नुकसानीमुळे बाद ठरलेली) किंवा रिबिल्ट (तशी गाडी परत दुरुस्त केलेली) लिहिलंय का, कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव आहे का, असेल तर बँकेचं कर्ज फिटल्याचं पत्र आहे का, एवढं बघा. मैलांचं म्हणाल तर २०१० आणि त्याआधीच्या गाड्यांना मीटरचा आकडा लिहून द्यायचं केंद्रीय कायद्याचं बंधन आता नाही, तेव्हा ८७००० लिहिलंय म्हणजे ८७००० च असं नाही. पेडलचं रबर, सीटची कड आणि सर्व्हिसच्या पावत्या जास्त खरं बोलतात.

पैसे मालकासोबत बँकेत बसून द्या. टायटलवर दोघांच्या सह्या, तारीख, किंमत. किंमत कमी लिहू का असं मालक प्रेमाने विचारेल, नको म्हणा, सहा टक्के टॅक्स विकत घेतलेल्या किंवा बाजारभावाच्या किमतीवर, जी जास्त असेल तिच्यावर लागतो. नंबर प्लेट इथे गाडीची नसते, माणसाची असते, मालक ती काढून घेतो, बावरू नका. सह्या झालेलं टायटल आणि इन्शुरन्सचा कागद जवळ असेल तर तीन दिवसांच्या आत सरळ रस्त्याने घरी नेता येते. मग १५ दिवसांत सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात, म्हणजे आपल्या आरटीओत, नावावर करून घ्या. अपॉइंटमेंट आधीच घेऊन ठेवा.

आणि तो पुठ्ठा टाकू नका. पहिल्या रात्री गाडीच्या इंजिनखाली सरकवून ठेवा. सकाळी लाल डाग दिसला तर ट्रान्समिशन किंवा स्टेअरिंगचं ऑइल, तपकिरी-काळा असला तर इंजिनचं, पिवळा-हिरवा आणि गोडसर वासाचा असला तर कूलंट. नुसतं पाणी असेल तर एसीचं आहे, चहा प्या. माझ्या पुठ्ठ्यावर दहा सेंटच्या नाण्याएवढा एक तपकिरी डाग होता, त्याच्याभोवती मी पेनने गोल काढून तारीख टाकली. दोन वर्षं झाली, डाग आता क्वार्टरएवढा, म्हणजे २५ सेंटच्या नाण्याएवढा आहे.